सदतीस दिवस हजर

आबा, मी काय काम करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते आणि मला डॉक्टर करायचं तुमच्या डोक्यात होतं. डॉक्टर काही मी झाले नाही. संख्याशास्त्र शिकले, पुण्यात एका संस्थेत लागले आणि गेली वीस-बावीस वर्षं एकच काम करते आहे. वेगवेगळ्या देशांत कामावर असताना किती माणसं जखमी होतात, किती मरतात, ते आकडे गोळा करायचे आणि एकमेकांशेजारी ठेवता येतील असे करायचे. दर लाख कामगारांमागे किती, असा दर काढतात. मग शाळेत मुलांचे नंबर लावतात तशी देशांची रांग लागते, आणि आपला नंबर कितवा हे बघायची सगळ्यांना घाई असते. माझं काम त्या रांगेच्या खालचं, बारीक अक्षरातलं. मी तळटीपा लिहिते. कार्यालयात माघारी मला 'तळटीपवाल्या बाई' म्हणतात. मला ते माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे.

तळटीपा कशाला लागतात ते सांगते, तुम्हाला त्यात गंमत वाटली असती. एका देशात कामगाराचा एक दिवस बुडाला की अपघात धरतात. दुसऱ्यात तीनपेक्षा जास्त दिवस बुडाले तरच धरतात. कुठं घरून कामावर येताना सायकलवरनं पडलेला माणूसही मोजतात, कुठं फाटकाच्या आत पाऊल पडल्याशिवाय माणूस त्यांचा होत नाही. कुणी फक्त विमा असलेल्यांना मोजतं. कुणी फक्त पटावरच्यांना मोजतं, आणि ऊसतोडीचा, बांधकामावरचा, मळणी यंत्रावरचा माणूस तर कुठल्याच पटावर नसतो. हे सगळं जुळवायचं म्हणजे एकानं पायलीनं मापलेली ज्वारी आणि दुसऱ्यानं पोत्यानं मोजलेली ज्वारी एका काट्यावर आणायची. बरं, मेलेला माणूस निदान लपत नाही म्हणून मृत्यूचे आकडे जरा बरे असतात. खरा घोळ जखमींचा. जिथं नीट मोजतात तिथं एका मृत्यूमागं शेकड्यांनी जखमी असतात. आपल्या कागदांवर मात्र मेलेले जास्त आणि जखमी कमी, असंही निघतं. म्हणजे आपल्याकडं माणूस जखमी न होताच मरतो. मागे एका बैठकीत परदेशातून आलेल्या एका बाईंनी अगदी मनापासून विचारलं, तुमच्याकडं किरकोळ अपघात इतके कमी कसे? मी 'नोंदणीतील मर्यादा' असं काहीतरी म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही होता, डाळ मिलच्या फाटकाजवळच्या तुमच्या लाकडी टेबलामागं, हजेरीपट उघडून बसलेले.

या खेपेला गावी, कळंबला आले ती आईच्या गुडघ्याचं निमित्त करून. मनात वेगळंच होतं. मिलमध्ये जायचं आणि तुमच्या शेवटच्या वर्षाचा हजेरीपट बघायचा. जगातल्या कुठल्या देशात कोण मोजला जातो आणि कोण सुटतो, हे मी लोकांना समजावून सांगते. माझा बाप कुठं मोजला गेला का, एवढं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

तुमचा हजेरीपट मला तुमच्याइतकाच पाठ आहे. आपल्या वस्तीतनं कारकुनाच्या खुर्चीवर बसलेले तुम्ही पहिले. तुमचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून शेठनं हमालीवरनं उचलून तुम्हाला टेबलावर बसवलं, आणि त्याचा तुम्हाला केवढा अभिमान. हजेरी तुम्ही फाटकावर कधीच घेतली नाहीत. पट काखेत मारून चाळणीपाशी, तूर भरडायच्या रोल्यापाशी, डाळ निवडणाऱ्या बायांपाशी जायचात, माणसाच्या तोंडाकडं बघायचात आणि मगच 'ह' लिहायचात. महिनाअखेरीला तो पट घरी यायचा, पक्की प्रत करायला. तुम्ही वाचायचात आणि मी लिहायची. चुलीशेजारी पोतं अंथरलेलं, आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि तुम्ही एका सुरात म्हणताय: हजर, हजर, गैरहजर, हजर.

त्या दिवशी एका हमालाचं नाव आलं आणि तुम्ही सलग नऊ दिवस 'हजर, हजर' म्हणत गेलात. मी थांबले. त्याला मी गिरणीत दळण घेऊन आलेला बघितला होता, उजव्या हाताला हे एवढं फडकं बांधलेलं. त्याची दोन बोटं रोल्यात गेली होती, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. मी शाळेत पहिला नंबर काढणारी पोरगी. खरं ते लिहायचं, हे मला तुम्हीच शिकवलेलं. मी नऊ वेळा 'गै' लिहिलं, तेही शाईनं. तुम्ही बघितलंत. तुम्ही मारणाऱ्यातले नव्हताच, रागावलातही नाही. माझ्या हातातलं पेन काढून खाली ठेवलंत, म्हणालात, "चल, ऊठ." आणि मला घेऊन त्या हमालाच्या घरी गेलात. त्याची बायको दारात शेंगा फोडत बसली होती. तिनं पदर सावरला, घोंगडं टाकलं, आत जाऊन माझ्या हातावर मूठभर शेंगा आणून ठेवल्या. तुम्ही मला म्हणालात, "सांग यान्ला, तू काय लिव्हलंस ते." मी हातावरच्या शेंगांकडं बघत राहिले. ती बाई हसून म्हणाली, "काय वो दादा, कशापायी लेकराला घाबरं करताव?" तुम्ही म्हणालात, "काय न्हाय, शाळेतलं हाय." चहा घेतलात आणि मला घेऊन परत आलात. वाटेत एकच बोललात. "पटावर माणूस लिवायचा आसतो बाई, नुस्ता दिवस न्हाय."

घरी येऊन तुम्ही ते अख्खं पान फाडलंत आणि स्वतः पुन्हा लिहिलंत. नऊ वेळा 'ह'. मग कानावरची पेन्सिल काढलीत आणि त्या नवांच्या खाली एकेक ठिपका दिलात. मोहरीएवढा, मुद्दाम शोधला तरच दिसेल असा. मी विचारलं, हा कशाला? तुम्ही म्हणालात, "म्हायती ऱ्हावी म्हनून." कुणाला? "कुणी कवा इचारलं तर." मी रोजच्या पटाची मागची पानं चाळली. ठिपके होते. जास्त नव्हते, पण प्रत्येक महिन्यात होते.

तो सगळा व्यवहार मला खूप उशिरा कळला. अपघात म्हणून कागद झाला असता तर इन्स्पेक्टर आला असता, आणि शेठला तो नको होता. हमालाला घरी बसून चूल पेटती ठेवायची होती. तुम्हाला दोघांचंही भलं करायचं होतं. तुमच्या एका 'ह'नं सगळ्यांचं भागत होतं. शेठ तुम्हाला देवमाणूस म्हणायचा आणि हमालही म्हणायचे. खोटं कुणाला म्हणू मी? त्या नऊ दिवसांत त्या घरात भाकरी झाली, ती मी खाल्लेल्या शेंगांइतकी खरी होती. पण आबा, अशीच माणसं गावोगावच्या मिलमध्ये, जिनिंगमध्ये, खडी क्रशरवर बसलेली असणार. सगळी भली आणि सुवाच्य अक्षराची. आमच्या तक्त्यातला तो स्वच्छ, कमी, कौतुक करावासा आकडा तुम्हा सगळ्यांच्या चांगुलपणातनं तयार झाला आहे. ही तळटीप मला कुणी लिहू देत नाही. लिहिली तरी तिचं भाषांतर कसं करतील, देव जाणे.

मग तुमची पाळी आली. लाइट गेली होती, चाळणीचा पट्टा पुलीवरनं उतरला होता, आणि तुम्ही नेहमीसारखे पट काखेत मारून फिरत होता. कारकुनानं पट्ट्याला हात लावायचं काही कारण नव्हतं. पण जुनी हमालाची सवय, चार माणसं अडलेली बघून तुम्ही हात लावलात. बटण कुणी बंद केलं नव्हतं. लाइट आली. उजवा हात, कोपरापर्यंत. मी वर्गात भूगोलाच्या तासाला बसले होते, शिपाई बोलवायला आला. तुम्हाला जीपमधनं जिल्ह्याला नेलं, पंधरा दिवसांनी घरी आणलं. आता लवकरच उठून बसतील, असं सगळे म्हणत होते. तुम्ही डाव्या हातानं पाण्याचा पेला धरायला शिकलात. दर शनिवारी तुमच्या हाताखाली शिकलेले कारकून काका यायचे, भिंतीला टेकून बसायचे. एकदा तुम्ही त्यांना विचारलंत, "माजी हजेरी काय लावतूस?" ते म्हणाले, "हजर, अजून काय? तुमी काळजी करू नगा." तुम्ही तोंड भिंतीकडं फिरवलंत. तुम्हाला बरं वाटलं असेल, असं मला तेव्हा वाटलं होतं. नंतर ताप चढला, हातातलं विष अंगात भिनलं, आणि सदतिसाव्या दिवशी दुपारी, आई दळण आणायला गेली होती तेव्हा, तुम्ही गेलात.

एका देशाच्या नियमानं अपघातानंतर तीस दिवसांच्या आत माणूस मेला तरच तो कामावरचा मृत्यू. तुम्ही सात दिवस जास्त जगलात. दुसऱ्या एका देशात वर्षाची मुदत आहे, तिथं तुम्ही बसता. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुण्यातल्या त्या वातानुकूलित खोलीत मोठ्यानं हसले होते, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला पाणी आणून दिलं होतं. आपल्या देशात मात्र मुदतीचा प्रश्नच आला नाही. जो माणूस सदतीस दिवस कामावर हजर आहे, तो अपघातानं मरेल कसा? तुमच्या दाखल्यावर ताप लिहिला आहे. शेठ मातीला आला, रडला, महिन्याचा पूर्ण पगार आईच्या हातात दिला. आईनं त्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. पुढं चार वर्षांनी भूकंप झाला आणि तिचं माहेर, सास्तूर, एका पहाटेत गेलं. तिच्या सख्ख्या भावाचं नाव मृतांच्या सरकारी यादीत लागलं. कितीतरी वर्षं ती मधेच म्हणायची, "माज्या भावाचं नाव तरी हाय गं सरकारच्या यादीत. तुज्या बापाचं कुटंच न्हाय." तक्रार नसायची त्यात. निवडताना डाळीत खडा सापडला की बाजूला ठेवावा, तसं ती ते बाजूला ठेवायची.

परवा मंगळवारी सकाळी मी मिलमध्ये गेले. शेठ कधीच गेला, आता त्याचा नातू बघतो. फाटकावर अंगठा लावायचं यंत्र बसवलंय, आणि त्याच्या बाजूला 'अपघाताशिवाय इतके दिवस' असा फळा आहे. त्यावरचा आकडा बघून माझ्यातली तळटीपवाली बाई जागी झाली, तिला मी गप्प बसवलं. कारकून काका अजून आहेत. पंच्याहत्तरी गाठली, मोतीबिंदू झालाय, पण रोज अर्धा दिवस येऊन तुमच्याच टेबलामागं बसतात. मला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जुने पट बघायचेत म्हटल्यावर जरा चाचरले, मग म्हणाले, "तुमास्नी न्हाय म्हनायचं म्हंजे आबाला न्हाय म्हनायचं." हमालाकडनं माळ्यावरचं गाठोडं काढून घेतलं. धूळ, वाळवी, उंदराच्या लेंड्या. पण तुमच्या वर्षाचा रोजचा पट होता.

पान सापडायला वेळ लागला नाही. तुमचं नाव सगळ्यात वर होतं, त्याच क्रमानं. अपघाताच्या दिवसापर्यंत तुमच्या हातचा 'ह', वेलांटी घ्यावी तसा वळणदार. दुसऱ्या दिवसापासनं काकांचा, तुमच्यावरनं गिरवलेला, पण जाडसर. पुढच्या महिन्याचं पान धरून सदतीस होते. मी चष्मा काढला, पानं उजेडात धरली, मोबाइलचा दिवा लावला. एकेका खाली बघत गेले. ठिपका नव्हता. एकाही खाली नव्हता.

मी काकांना विचारलं, ठिपके दिले नाहीत का? "कसलं ठिपकं?" मी मागची पानं उलटून तुमचे ठिपके दाखवले. त्यांनी पान डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, बोट फिरवलं. म्हणाले, "ताई, हे म्या आज बघतुया. मला वाटायचं माश्यांचं हाय." मग पटावरची धूळ त्यांनी बाहीनं पुसली. बाहेर पोती उतरवणारा ट्रक मागं घेत होते, त्याचा आवाज येत होता. "एकदा म्हनलं व्हतं आबा," ते म्हणाले, "शनिवारी. म्हनले, पट घिऊन ये घरी, पेन्सिल बी आन. म्या म्हनलं, कशाला आता तरास, पडून ऱ्हावा, म्या हाय की. मला वाटलं माज्यावर इस्वास न्हाय त्यांचा. मनाला लागलं व्हतं मला." मी त्यांना म्हटलं, तुमची चूक नाही काका. आणि ती नव्हतीच. तुम्ही त्यांना माणूस सांभाळायला शिकवलंत, खूण ठेवायला शिकवलं नाहीत. ती तुमची एकट्याची होती. ज्याला ती वाचता येत होती तो अंथरुणात पडून होता, आणि दुसरी होती मी. मी तेव्हा पहिल्या नंबराच्या अभ्यासात होते. तुम्ही भिंतीकडं तोंड का फिरवलंत, हे त्या घरात मला एकटीला कळू शकलं असतं.

पर्समध्ये पेन्सिल होती. काढली. टोक पहिल्या 'ह'च्या खाली नेलं. काका म्हणाले, "काय करताव ताई?" आणि मी थांबले. माझ्या धंद्यात एक गोष्ट करायची नसते. मागाहून कुणाच्या नोंदीत हात घालायचा नसतो, मग नोंद कितीही खोटी असो. दुसऱ्यांची अशी ढवळाढवळ मी पकडली आहे, त्यांना मेमो दिले आहेत. शिवाय ठिपका दिला असता तरी तो वाचणार कोण? काकांना आता दिसत नाही. पट पुन्हा माळ्यावर जाणार, आणि माळा पाडून तिथं नवं गोदाम होणार आहे, हे नातवानं मला कौतुकानं सांगितलं. मी पेन्सिल पर्समध्ये टाकली. काकांनी चहा मागवला. दोघांनी तो प्यायला.

कुठलाही तक्ता आता तुम्हाला आत घेऊ शकत नाही, आबा. मी हिशेब सगळ्या बाजूंनी करून बघितला. इतके दिवस वाटायचं की कुठंतरी एक ठिपका असेल, आणि तो असेल तर मी करते त्या कामाला काही अर्थ असेल. आता सोमवारपासनं पुन्हा तेच करायचं. आकडे येतील, रांग लागेल, खाली मी लिहीन की तुलना करताना काळजी घ्यावी.

आई समोर बसून तूर निवडते आहे. मघाशी विचारलं तिनं, "कुणाला लिवतीस एवढं?" मी म्हटलं, कामाचं आहे. तिला तुमचा पट कसा होता ते सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. हे कागद मी पुण्याला नेऊन फाडीन. तुम्हाला पाठवायची सोय असती तरी पाठवले नसते, कारण एक गोष्ट लिहायची अजून टाळते आहे.

गेल्या साली आमच्याच कार्यालयात, ओल्या जिन्यावरनं घसरून एक बाई पडली. आकडे भरायचं काम करते, कंत्राटदाराकडनं आलेली, घरी एकटी कमावती. मनगट मोडलं. सहा आठवडे ती आली नसती तर कंत्राटदारानं दुसरी आणून बसवली असती. ती सहाही आठवडे घरून काम करते आहे, असं मी कागदावर दाखवलं. तिनं डाव्या हातानं माझा हात धरला आणि म्हणाली, मॅडम, तुम्ही देवमाणूस आहात. वर्षअखेरीला कार्यालयातल्या अपघातांचा फॉर्म आला, तो दरवर्षी माझ्याकडंच येतो. मी रकान्यात 'निरंक' लिहिलं, खाली सही केली. आणि आबा, मी कुठंच ठिपका दिला नाही.